न मागणारी उमेदवार

टीट्री क्रीक ह्या ओढ्यावरचा लाकडी पूल शायरनं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेनं, बंद केला तो नेमका मेथीचा दिवस होता.

पहाटेपासून देवयानी आणि यतीन वाफ्यांत गुडघे टेकून बसले होते. ऑगस्टची थंडी; इकडं दक्षिण गोलार्धात हिवाळा तेव्हाच. पानांवरचं दव गोठून पांढरं झालेलं. तसल्या दवात उपटलेली मेथी काळी पडते, म्हणून आधी उन्हाची वाट बघायची आणि मग घाई करायची. मूठभर रोपं मुळासकट उपटायची, झटकायची, मुळं बादलीत बुडवून काढायची, सुतळीचा वेढा द्यायचा. बोटांच्या भेगांत माती बसली होती. त्यात श्रावणातला शुक्रवार, देवयानीचा उपास. पोटात नुसता चहा. कंबर धरली तरी ती उठत नसे, बसल्या बसल्या पुढं सरके.

क्रेट भरले, वर ओलं गोणपाट टाकलं आणि यतीन युट, मागं उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन वेरिबीला निघाला. कुमारच्या दुकानात माल दुपारच्या आत पोचला तर शनिवारच्या गिऱ्हाइकाला ताजा मिळे. पण थोड्याच वेळात यतीन परत आला. इंजिन बंद न करताच खिडकीतून ओरडला, "अगं, पूल बंद केलाय! सिमेंटचे ठोकळे आणून ठेवलेत आडवे."

"कुणी?"

"शायरवाल्यांनी. बोर्ड लावलाय. अनसेफ. अंटिल फर्दर नोटिस."

"मग आता?"

"आता काय, डोंगरामागून वळसा. मेथी पोचेल तेव्हा तिनं मान टाकलेली असेल."

तसंच झालं. संध्याकाळी कुमारचा फोन आला. माणूस भला, पण शेवटी दुकानदार. "वहिनी, आज चालवून घेतलं. पण गिऱ्हाईक जुडी हातात घेतं नि परत ठेवतं हो. असंच चाललं तर मला दुसरीकडून घ्यावी लागेल. राग मानू नका."

राग कसला मानायचा? यतीन मूळचा आयटीतला. पुण्याहून वेरिबीला आला, घर घेतलं, आणि चाळिशीत एकाएकी त्याला स्क्रीन नकोशी झाली. वारिंजा शायरमधली ही जमीन लीजवर घेऊ असं त्यानंच म्हटलं होतं. देवयानी तेव्हा नको म्हणत होती. आता उलटं झालं होतं. यतीनची पाठ गेली होती आणि जुना मॅनेजर त्याला अजून बोलावत होता. देवयानीचा जीव मात्र ह्या काळ्या मातीत अडकला होता. पहिलं पीक तिनं सासरच्या बागेत असल्यासारखं हात आखडून काढलं. आता कुठल्या वाफ्यात पाणी तुंबतं हे तिला पायांच्या तळव्यांना कळे.

"नाताळात लीज संपते," यतीन जेवताना म्हणाला. "तोवर पुलाचं काही झालं नाही तर आपण वेरिबीला परत जायचं. मला वाद नको."

'थोडं थांब' असं म्हणायचं देवयानीच्या ओठांवर आलं होतं, पण ते मागणं झालं असतं.

आषाढी एकादशीला तिनं चातुर्मासाचा नेम धरला होता. दर वर्षी एक नेम असे. एका वर्षी भात सोडला, एका वर्षी लाख वाती वळल्या. ह्या वर्षी अयाचित. कार्तिकीपर्यंत कुणाकडे काही मागायचं नाही. आपणहून आलं ते घ्यायचं, नाही आलं तर त्यावाचून राहायचं. ताटातली आमटी संपली तरी ती थांबून राही आणि त्यांची अकरावीतली मुलगी उर्वी तिची गंमत करी, "मम, डू यू वॉन्ट मोर? ब्लिंक वन्स फॉर येस."

"देवाकडेसुद्धा मागायचं नाही?" यतीननं तेव्हा विचारलं होतं.

"देवाकडे तर मुळीच नाही."

"मग पूजा कशाला करतेस?"

"चौकशी करायला," ती म्हणाली होती. "त्याचं बरं चाललंय ना, ते बघायला."

पुढच्या आठवड्यात अग्निशमन दलाच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा झाली. पुलापलीकडची सगळी घरं आली. वॉर्डाचा कौन्सिलर ग्रॅहम आला. जनावरांच्या खाद्याचं दुकान असलेला, पोट बेल्टच्या वर काढून उभा राहणारा माणूस. लोकांनी त्याला धारेवर धरला. दुधाचा टँकर कुठून येणार? शाळेची बस? आग लागली तर? ग्रॅहम हात वर करून म्हणत होता, "मेट्स, बजेट नाही. बजेट नाही तर मी काय करू?"

देवयानी शाल लपेटून मागच्या खुर्चीवर बसली होती. ओरडून ओरडून लोक दमले तेव्हा तिनं हात वर केला. आता हीसुद्धा पूल मागणार, म्हणून ग्रॅहमनं खांदे पाडले.

"हा पूल कुणी बांधला?" तिनं विचारलं.

काही जणांनी वळून तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न कुणाच्याच कामाचा नव्हता. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रोज त्याच्यावरून जाताना फळ्यांचा आवाज ऐकून तिला तेच वाटायचं.

"माझ्या सासऱ्यानं," पुढच्या रांगेतून मॉरीन म्हणाली. मॉरीन म्हणजे शेजारच्या गोठ्याची मालकीण, ऐंशीला टेकलेली, गमबूट घालून चर्चला जाणारी विधवा. "तो आणि आणखी काही जण. लाकूड ह्याच क्रीकच्या काठचं."

"आणि आता त्यातलं काय मोडलंय?"

"खालचा एक खांब," ग्रॅहम म्हणाला.

"एकच? मग बाकीचे चांगले आहेत?"

"रिपोर्टमध्ये असेल."

"काय लिहिलंय त्यात? मला माहीत नाही म्हणून विचारते."

ग्रॅहमनं मान खाजवली. "खरं सांगू? मी तो अजून उघडलेला नाही."

सगळी शेड हसली. ग्रॅहमही ओशाळून हसला. देवयानी म्हणाली, "तुम्ही आल्यापासून उभेच आहात. इथं खुर्ची आहे." आणि तो खरंच येऊन बसला.

तो गेल्यावर ऑक्टोबरच्या निवडणुकीचा विषय निघाला. आपल्यातलं कुणीतरी उभं राहायला हवं, ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एकाच्या गायी व्यायला आलेल्या, दुसऱ्याचं अर्ध्या वॉर्डाशी भांडण. मॉरीननं मागं वळून बोट दाखवलं. "हिला उभी करा. ग्रॅहमला ह्या शेडमध्ये बसलेला मी आज पहिल्यांदा पाहिला."

"मी?" देवयानी म्हणाली.

"सिटिझन आहेस ना, लव्ह?"

होती. यतीननं भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता, तिनं मात्र उर्वीबरोबर शपथ घेतली होती. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिला तिचा नेम आठवला. हे काही ती मागायला गेली नव्हती. आपणहून समोर आलं होतं. ती म्हणाली, "बरं."

युटमध्ये बसल्यावर यतीन आधी हसला, मग त्यानं कपाळाला हात लावला. "देवयानी, उमेदवारानं मतं मागायची असतात गं."

तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्नरला माहेरच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींना आधी वारिंजा म्हणजे काय तेच उलगडेना. मग म्हणाले, "लोकांच्या कामासाठी आहे ना? मग छोटंसं प्रायश्चित्त घेऊन नेम सोडता येतो, बाई."

"सोडता येतो हो," देवयानी म्हणाली, "पण मग हाताशी काय राहिलं?"

गुरुजी म्हणाले, "तेही खरंच."

शेवटी तिनं ठरवलं, घरोघर जायचं, पण मत मागायचं नाही. उर्वीनं मतदारांना वाटायचं कार्ड करायला घेतलं आणि तिचं डोकं फिरलं. "व्होट वन असं लिहायचं नाही? देन व्हॉट डू आय पुट?"

"नाव लिही. आणि पुलाचा फोटो."

"मम, इट लुक्स लाइक द ब्रिज डाइड."

सप्टेंबर लागला. उन्हं तापायला लागली, मेथीत तण माजलं. सकाळी खुरपणी आणि दुपारनंतर दारोदार. वसंतात इथले मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीनं माणसांच्या डोक्यावर झडप घालतात. म्हणून मॉरीननं तिला आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालायला दिला. पंजाबी ड्रेस, पायात चिखलाचे बूट आणि डोक्यावर डबा. पहिल्याच दाराशी एका बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सॉरी डिअर, साफसफाईला बाई आहे आमच्याकडे."

देवयानीच्या कानशिलांतून गरम वाफ गेली. तिनं डबा काढून हातात घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "मी वॉर्डातून उभी आहे. तुमचा हा रस्ता असा खचलाय तो पावसानं की ट्रकनं?"

बाई आधी कानकोंडी झाली, मग दाराबाहेर आली, मग रस्त्याबद्दल बोलायला लागली, आणि शेवटी तिनं लिंबं दिली. मागितली नव्हती.

असंच होत गेलं. लोकांना सांगायचं पुष्कळ होतं आणि देवयानीला ऐकायचं होतं. एकानं तिला मेंढ्या कातरण्याची जुनी शेड दाखवली. एका म्हातारीनं नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा अँब्युलन्स कुठून फिरून आली ते सांगितलं. एक ट्रकवाला कुत्र्याचा पट्टा धरून उभा होता, तो म्हणाला, "ते सगळं ठीक. माझं मत हवंय का तुला?"

"ते तुमचं आहे."

"माझंच आहे. पण हवंय का?"

'हो' तोंडून निसटायच्या आत देवयानी खाली वाकली. "तुमचा कुत्रा मागच्या पायानं लंगडतोय. काय झालं त्याला?"

गाडीत बसलेल्या मॉरीननं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "लव्ह, माणूस मत हातात घेऊन उभा होता, आणि तू कुत्र्याचा पाय बघितलास!"

"काटा रुतला होता हो त्याला."

एका रविवारी डग आला. वॉर्डात उभा राहिलेला तिसरा उमेदवार हाच. सगळी हयात त्यानं जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारले होते, आवाज अजून मैलभर जाई. फाटकावर कोपर टेकून तो मुद्द्यावर आला. "हे बघ. आपल्याकडे मत देताना सगळ्यांना नंबर द्यावे लागतात. एक, दोन, तीन. मी तिसरा आलो तर मी बाद, आणि माझ्या लोकांनी दोन नंबर ज्याला दिलाय त्याला ती मतं जातात. माझ्या कार्डावर दोन नंबरला मी तुझं नाव छापू शकतो."

यतीन शेडमधून धावतच आला. "दॅट वुड बी ग्रेट, मेट."

"तू नाही. ती उभी आहे," डग म्हणाला. "तिनं म्हणायचं. काही अट नाही. 'डग, तुझा दोन नंबर मला दे,' एवढंच. इतकी वर्षं बाजारात उभा राहिलो, बोली आल्याशिवाय मी हातोडा मारला नाही."

देवयानीनं चहा केला. थालीपीठ लावलं. डगला तिखट लागलं तरी त्यानं दुसरं घेतलं. लिलावात इतक्या भराभर बोलताना श्वास कधी घेता, हे तिनं विचारलं आणि डगनं अंगणात उभं राहून तिला मेंढ्यांचा लिलाव पुकारून दाखवला. वाफ्यांतल्या साळुंक्या उडाल्या. देवयानी तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून हसत होती. निघताना तो पुन्हा फाटकाशी थांबला. वाट बघत राहिला.

"ह्या चार महिन्यांत मी कुणाकडे काही मागत नाही," देवयानी खाली बघून म्हणाली. "नेम आहे माझा."

"म्हणजे आमच्या चर्चच्या लेंटच्या उपासासारखं?"

"तसंच काहीसं."

"लेंटमध्ये मी बिअर सोडतो, लव्ह," डग म्हणाला. "निवडणूक सोडत नाही." आणि त्यानं टोपी डोक्यावर दाबली. आठवड्याभरानं त्याचं कार्ड आलं. दोन नंबरला ग्रॅहम होता.

यतीन दिवसभर तणाच्या पेंढ्या बांधावर अशा आपटत होता की मातीची ढेकळं उडत होती. संध्याकाळी म्हणाला, "एक वाक्य. एक वाक्य बोलायचं होतं तुला. तुला इथं राहायचंय की नाही, तेच मला कळत नाही."

"राहायचंय," ती म्हणाली.

"मग?"

तिनं त्याच्या पाठीला तेल लावलं. त्याला ते लागत होतं आणि त्यानं ते मागितलं नव्हतं.

नवरात्र बसलं. वाफ्यातलीच माती आणून तिनं घट मांडला. वारिंजात आपली म्हणावी अशी घरं थोडी; कुणी हॉस्पिटलात नर्स, कुणी दूधपावडरच्या कारखान्यात. सगळ्यांना नवरात्रात देवयानीचं घर. त्याच आठवड्यात टपालानं मतपत्रिका आल्या, कारण इथं मतदान टपालानंच होतं.

पाचव्या माळेला बायका आल्या त्या पर्समध्ये पाकिटं घेऊन. कारखान्याच्या लॅबमधली चारुता पुढं झाली. तिनं स्वतःचं पाकीट घटापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "ताई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पाकिटं देवीपुढं ठेवायची. दसऱ्याला तुम्हीच उघडून भरा. सह्या करून ठेवल्यात आम्ही."

"मी भरू?"

"मग काय! ते दुसरे दोघं कोण, आम्हाला कुठं माहितीय? सगळ्यांना नंबर द्यायचे म्हणे, नाहीतर मत बाद. तुमच्या हातून चुकणार नाही."

वृद्धाश्रमात काम करणारी रेखा म्हणाली, "आणि देवीचा हात लागलेला बरा." नवऱ्यांचीही पाकिटं होती. बघता बघता घटाभोवती गठ्ठा झाला. यतीन स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. मग तो देवापुढं आला आणि त्यानं कधी नव्हे तो साष्टांग नमस्कार घातला.

दोन दिवस देवयानी त्या पाकिटांसमोर पूजा करत होती. माळ बांधताना, समईत तेल घालताना नजर तिकडंच जाई. उमेदवारानं दुसऱ्याच्या मतपत्रिकेला हात लावायचा नसतो हे तिला उमेदवारांच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तो भाग सरळ होता. पण तिला वेगळीच उत्सुकता लागली होती. ही पाकिटं घेऊन ह्या बायका एकट्या स्वयंपाकघरात बसल्या असत्या, तर त्यांनी एक नंबर कुणाला दिला असता? चारुताचा नवरा ग्रॅहमच्या दुकानातून कोंबड्यांचं खाद्य आणतो, त्याच्याशी गप्पा मारतो. त्यानं कुणाला दिला असता?

यतीनला ती म्हणाली, "परत देते."

"त्यांनी आपणहून आणलंय. तू मागितलेलं नाहीस. तुझ्याच नेमात बसतंय की!"

"त्यांनी मत नाही आणलं रे. मत द्यायचा कंटाळा आणलाय."

"मग त्यांना सांग ना, न्या परत म्हणून."

ते सांगणंही मागणंच झालं असतं. अष्टमीला तिनं सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. एकेकीला पाटावर बसवलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. आणि खणावर तिचं पाकीट, खाली तिच्या नवऱ्याचं. ओटीत पडलेलं परत करायचं नसतं, हे त्यांतल्या प्रत्येकीला माहेरून ठाऊक होतं. चारुताचा चेहरा पडला. "ताई, आम्ही मानानं दिलं होतं."

"मानानंच देतेय," देवयानी म्हणाली आणि तिला वाकून नमस्कार केला. चारुता वयानं लहान, ती गडबडून मागं सरली.

रेखानं पदर सावरला. "मग निदान सांगा तरी. एक नंबर कुणाला घालू?"

देवयानी निरांजनाची वात सारखी करत राहिली. कोपऱ्यातून उर्वी पुढं आली. "मावशी, लुक. सगळ्या बॉक्सेसमध्ये नंबर हवेत. वन, टू, थ्री. रिपीट नाही करायचं. हू यू लाइक मोस्ट इज वन. दॅट्स इट. आणि मी पाठ फिरवलीय, मी बघणार नाहीये."

चारुता त्या दिवशी प्रसाद न घेता गेली. दसऱ्याला आली नाही.

मतमोजणी गावातल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये झाली. मॉरीन देवयानीच्या बाजूनं बघायला बसली होती, चष्म्यावर चष्मा लावून. पहिल्या मोजणीत ग्रॅहम पुढं, देवयानी त्याच्या मागं, डग तिसरा. डग बाद झाला आणि त्याचा गठ्ठा टेबलावर आला. यतीननं गाडीची किल्ली काढून हातात घेतली. डगच्या कार्डावर दोन नंबर कुणाला होता ते सगळ्यांना माहीत होतं.

पण कागद उलगडायला लागले, तसतसा देवयानीचा ढीग वाढायला लागला. मॉरीननं तिच्या कोपराला चिमटा काढला. लोकांनी डगला एक नंबर देण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. दोन नंबर मात्र त्याच्या कार्डावरून घेतला नव्हता. भिंतीपाशी उभा असलेला तो ट्रकवाला म्हणाला, "डग माझा मेव्हणा आहे. पण ह्या बाईनं आमच्याकडे काहीच मागितलं नाही, तेव्हा दुसरं तिला द्यायला काय जातंय, असं बायको म्हणाली."

देवयानी निवडून आली. ग्रॅहमनं हात मिळवला. त्याचा हात गार आणि घामेजलेला होता.

कौन्सिलर झालेल्यांना शायरच्या ऑफिसात नियम समजावून दिले. तिथली बाई मृदू आवाजात म्हणाली, "टीट्री क्रीकचा पूल तुमच्या रस्त्यावर आहे. तुमचा माल त्यावरून जातो. म्हणजे ह्या विषयात तुमचा स्वार्थ आहे. तो विषय निघेल तेव्हा तुम्हाला बाहेर जावं लागेल. बोलताही येणार नाही, मतही देता येणार नाही."

यतीन हे ऐकून अंगणातल्या उलट्या बादलीवर बसला. "म्हणजे ज्या एकाच गोष्टीसाठी उभी राहिलीस, तेवढ्याच वेळी तू बाहेर! आपल्यासारखे शहाणे आपणच. ग्रॅहम निवडून आला असता तर निदान तो आत बसला असता."

कार्तिकी झाली. देवयानीनं नेमाचं उद्यापन केलं आणि दुसऱ्या दिवशी क्रेट धुताना यतीनला म्हणाली, "मला तुझ्याकडे एक मागायचंय."

यतीननं पाण्याचा नळ बंद केला.

"सभा होईपर्यंत तुझ्या मॅनेजरला हो म्हणू नकोस."

तो तिच्याकडे वळला. "एवढंच? चार महिने साठवून एवढंच?"

"एवढंच."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा नळ सोडला.

सभेच्या दिवशी उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला होता. सभागृहातल्या लोकांच्या खुर्च्या भरल्या होत्या. यतीन पुढच्या रांगेत होता, मॉरीन होती, लिंबं देणारी बाई होती, अँब्युलन्सची हकीकत सांगणारी म्हातारी होती. मागच्या दाराशी चारुता आणि तिचा नवरा उभे होते; चारुतानं देवयानीकडे बघितलं नाही. पुलाचा विषय पुकारला गेला. देवयानी उठली, स्वार्थ आहे असं मोठ्यानं सांगितलं आणि बाहेर आली. दार तिच्यामागं आपोआप मिटलं.

व्हरांड्यात बाकावर ग्रॅहम बसला होता, हातात खिमा भरलेली पेस्ट्री, शर्टावर चुरा. "आत काय चाललंय?"

"पूल."

"आणि तू इथं?" तो हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. देवयानीनं त्याला आपली पाण्याची बाटली दिली.

माशा घोंघावत होत्या. जाड काचेतून पाठमोरी माणसं दिसत होती, आवाज येत नव्हता. मॉरीन उभी राहिलेली दिसली. मग म्हातारी. मग, देवयानीनं डोळे बारीक करून पाहिलं, चारुता. कागद बिगद काही हातात नव्हता. ती हातवारे करत काहीतरी सांगत होती, मग थांबली आणि उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. देवयानीनं बाकाची कड घट्ट धरली.

"एक विचारू?" ती ग्रॅहमला म्हणाली. "हरल्यावर कसं वाटतं?"

ग्रॅहमनं चघळणं थांबवलं. बायकोनंही त्याला हे विचारलं नसावं. "पहिल्या दिवशी दुकानात तोंड दाखवायची लाज वाटली," तो म्हणाला. "मग त्या संध्याकाळी जेवताना एकही फोन आला नाही. भाजी गरम असताना खाल्ली. कितीतरी वर्षांनी."

"कसली भाजी?"

"फुलकोबी," ग्रॅहम म्हणाला आणि स्वतःच नवल वाटून हसला.

दार उघडलं. मघाची मृदू आवाजाची बाई म्हणाली, "विषय संपला. तुम्ही आत येऊ शकता."

देवयानी आत आली. काय ठरलं ते कुणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी ती परतल्याची नोंद करायला सांगितलं आणि पुढचा विषय पुकारला. कौन्सिलरांचे चेहरे कोरे होते. मॉरीन चष्मा पुसत होती, आणि ती चष्मा नेहमीच पुसत असते. यतीनची खुर्ची रिकामी होती.

देवयानीला वाटलं, तो गेला. मॅनेजरला फोन करायला गेला. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये, उन्हात, यतीन फोन कानाला लावून येरझारा घालत होता. दुखऱ्या पाठीचा माणूस, पण ताठ चालत होता. मोकळा हात त्यानं गुडघ्याशी धरला, मग कमरेशी नेला, मग छातीशी, आणि मग टाचा उंचावून डोक्याच्या वर. एकावर एक क्रेट रचत होता तो, हवेत, आता पुलावरून किती माल येईल ते कुमारला दाखवत, जणू कुमारला वेरिबीत ते दिसतच होतं.

देवयानीनं डोळ्यांना ओढणी लावली. मग पुढ्यातला कागद ओढला. विषय गावातल्या कुत्र्यांसाठीच्या मोकळ्या मैदानाला कुंपण घालण्याचा होता. तिनं तो वाचला, आणखी एकदा वाचला आणि हात वर केला.

"येस, कौन्सिलर?" अध्यक्ष म्हणाले.

"मला एक सांगा," देवयानी म्हणाली, "आत्ता ती कुत्री जातात कुठं?"